यंदा मी उभी राहतेय

मंगळवारी रात्री साडेअकराला मी एक साधी टेक्स्ट फाइल गेरिटवर, म्हणजे कोडमधले बदल तपासून घ्यायच्या आमच्या साइटवर, पाठवली. तिच्यात कोडची एकही ओळ नाही. साधारण चारशे शब्द आहेत: पुढच्या आवृत्तीसाठी आमच्या प्रकल्पाची पीटीएल, म्हणजे ‘प्रोजेक्ट टीम लीड’, म्हणून काम करायची माझी तयारी आहे, आणि मी काय काय करणार आहे. ओपनस्टॅक ह्या क्लाउड उभारायच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या समुदायात उमेदवारी अर्ज असाच भरतात. निवडणुकीची वेगळी रिपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा साठा, आहे. तिच्यात आवृत्तीचं फोल्डर, त्यात प्रकल्पाचं फोल्डर, आणि त्यात आपल्या ईमेल पत्त्याच्या नावाची फाइल. बाकी कुठलाही पॅच, म्हणजे कोडमधला बदल, जातो तसाच हाही जातो. झूल ही स्वयंचलित यंत्रणा आपली तपासणी चालवते, मग निवडणूक अधिकारी बघतात आणि मंजूर करतात.

अकरा वर्षं मी ह्या समुदायात काम करतेय. पॅच पाठवताना आता छातीत धडधडत नाही. पण ही फाइल मी ह्याआधी तीन वेगवेगळ्या वर्षी लिहून ठेवली होती आणि तिन्ही वेळा मुदत उलटू दिली. मुदत संपते यूटीसीप्रमाणे रात्री २३:४५ ला, म्हणजे आपल्याकडे पहाटे सव्वापाचला. २०२२ मधल्या त्या पहाटे मी जागी होते. फाइल तयार होती, एक कमांड द्यायची बाकी होती. सव्वापाच झाले, खाली पाण्याची मोटर सुरू झाली, दूधवाल्याने पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि मी लॅपटॉप मिटला. कुणी विरोध केला नव्हता, कुणी अडवलं नव्हतं. मी फक्त वाट बघत होते, की कुणीतरी म्हणेल, ‘तू उभी राहा ना.’ कुणी म्हणालं नाही.

पुण्यात मला ओपनस्टॅकवर रोज काम करणारे निदान पंचवीस-तीस जण माहीत आहेत. हिंजवडी, खराडी, बाणेर, सगळीकडे विखुरलेले. त्यांतल्या काहींचा कोड इतका नेटका असतो, की रिव्ह्यू करताना मीच शिकते. पण निवडणुकीचा आठवडा आला, की सगळे गप्प. आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, की पद मागू नये, कामाने मिळावं. मागणाऱ्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात. ते वाक्य माझ्याही अंगात इतकं मुरलं होतं, की काही वर्षं मला तो संकोच वाटलाच नाही, विनय वाटला. म्हणून हे सविस्तर लिहितेय. प्रकल्पाचं नाव मात्र मुद्दाम घालत नाही, कारण अर्जांची मुदत अजून संपलेली नाही आणि हा प्रचार वाटायला नको.

ज्यांचा ओपनस्टॅकशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. २०१० साली नासा आणि रॅकस्पेस ह्या दोघांनी आपापला कोड एकत्र आणून खुला केला. नासाकडून नोव्हा आला, म्हणजे व्हर्च्युअल मशिन चालवणारा भाग, आणि रॅकस्पेसकडून स्विफ्ट, म्हणजे फाइली साठवणारा. दुसऱ्याचा क्लाउड भाड्याने घेण्याऐवजी स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःचा क्लाउड उभा करता यावा, ही मूळ कल्पना. जिनिव्हाजवळची सर्न प्रयोगशाळा २०१३ पासून आपला क्लाउड ह्यावरच चालवते. २०१२ साली फाउंडेशन झालं, पुढे त्याचं नाव ओपनइन्फ्रा झालं, २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. ऑस्टिनपासून झेडपर्यंत इंग्रजी मुळाक्षरं संपली, तेव्हा आकडे लावायला सुरुवात झाली: २०२३.१ अँटिलोप, २०२३.२ बॉबकॅट, असं पुढे.

आत अनेक छोटेमोठे प्रकल्प आहेत आणि प्रत्येकाला सहसा एक पीटीएल. ह्यातला ‘टी’ आधी ‘टेक्निकल’ होता, नंतर तो ‘टीम’ झाला. हा बदल मला पटतो. पीटीएलला कुणावरही हुकूम चालवता येत नाही. एकेका प्रकल्पात पाच कंपन्यांचे आठ लोक असतात, प्रत्येकाचा पगार वेगळीकडून येतो, प्रत्येकाच्या मॅनेजरला वेगळं काहीतरी हवं असतं. पीटीएलच्या हातात असतात ती कामं: बग आला की त्याची वर्गवारी करायची, कुठला स्पेक, म्हणजे बदलाचा आराखडा, ह्या खेपेला घ्यायचा ते सगळ्यांशी बोलून ठरवायचं, आवृत्तीच्या तारखा पाळायच्या, साप्ताहिक मीटिंग चालवायची, दुसऱ्या प्रकल्पाने काही बदललं तर आपलं काय मोडेल ते आधी ओळखायचं. आणि सगळ्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या टेक्निकल कमिटीने विचारलं, की हा प्रकल्प जिवंत आहे का, तर हो किंवा नाही म्हणायचं.

मत द्यायचा हक्क कुणाला? मागच्या दोन आवृत्त्यांच्या काळात ज्याचा निदान एक बदल त्या प्रकल्पात मर्ज झालाय, म्हणजे मूळ कोडमध्ये गेलाय, त्याला. कंपनी किती मोठी, पद कोणतं, काही विचारलं जात नाही. एकापेक्षा जास्त उमेदवार असले तर कॉर्नेल विद्यापीठातल्या मतदान-यंत्रणेवर मतदान होतं. तिथे नुसती एक खूण करायची नसते, सगळ्या उमेदवारांना पसंतीचा क्रम द्यायचा असतो, आणि मग प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावून मोजणी होते. अठराव्या शतकातल्या काँडोर्से ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ही रीत ओळखली जाते. मला ती फार आवडते. तरी छोट्या प्रकल्पांत ती वापरायची वेळ क्वचितच येते. त्याकडे वळतेच.

माझा पहिला पॅच २०१५ चा. क्लायंट प्रोग्रॅममधल्या एका कमांडच्या मदतीच्या मजकुरात चूक होती, एक शब्द बदलायचा होता. तेव्हा मी कंपनीत सपोर्टला होते. ग्राहकाचा क्लाउड बिघडला, की रात्री फोन यायचा तो मला. दिवसा वेळ नसायचा, म्हणून घरी आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेव्हस्टॅक, म्हणजे चाचणीपुरता ओपनस्टॅक, उभा करायचे. स्क्रिप्ट सुरू करून स्वयंपाकाला लागायचं, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला येऊन बघायचं कुठे अडकलंय. त्या एका शब्दाच्या पॅचला अकरा पॅचसेट लागले, म्हणजे अकरा वेळा तो पाठवावा लागला. पहिला मायनस वन, म्हणजे ‘असा चालणार नाही’ हा शेरा, कमिट मेसेजच्या, म्हणजे बदलासोबतच्या टिपणाच्या, पहिल्या ओळीसाठी होता, ती पन्नास अक्षरांच्या पुढे गेली होती. दुसरा, बग क्रमांक नाही म्हणून. तिसरा तर असा, की ह्या शब्दाच्या शेजारची ओळही चुकलीये, तीही दुरुस्त कर. मला रडू यायचं बाकी होतं. पण तिसऱ्या मायनस वनसोबत एका अनोळखी माणसाने बारा ओळी लिहिल्या होत्या: हा नियम का आहे, तीन वर्षांनी कुणी गिट ब्लेम करेल, म्हणजे ही ओळ कुणी आणि कधी बदलली ते शोधेल, तेव्हा त्याला काय दिसायला हवं, सगळं. ऑफिसात तोवर मला एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. पॅच मर्ज झाला तेव्हा त्याने आयआरसीवर, म्हणजे आमच्या चॅटवर, फक्त ‘स्वागत’ एवढंच म्हटलं. त्या बारा ओळींमुळे मी टिकले.

२०२० मध्ये मला कोअर केलं, म्हणजे प्लस टू द्यायचा अधिकार मिळाला. इथे ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात तसंच आहे. पॅच लिहिणारा सूचक, आणि दोन कोअर अनुमोदक. दोन प्लस टू मिळाले, वर्कफ्लोचा प्लस वन, म्हणजे ‘आता जाऊ दे’ ही शेवटची खूण, पडला, की झूल पुन्हा सगळ्या टेस्ट चालवून मर्ज करते. प्लस टू म्हणजे नुसतं ‘मी वाचलं, ठीक वाटतंय’ नव्हे, हे मला कळायला एक चूक व्हावी लागली.

आमच्या डेटाबेसमध्ये एक जुना रकाना होता. त्यातली माहिती नव्या तक्त्यात हलवायची होती. २०२३.२ मध्ये आम्ही नवा तक्ता आणला आणि माहिती हलवणारी कमांडही दिली. २०२४.१ मध्ये ती कमांड आणि जुना रकाना दोन्ही काढून टाकायचा पॅच आला. एक आख्खी आवृत्ती ती कमांड लोकांकडे होती. जुन्या पद्धतीने बघितलं तर सगळं रीतसर होतं. मी प्लस टू दिला. पण २०२३.१ पासून ओपनस्टॅकने स्लर्प नावाची नवी पद्धत आणली होती: वर्षातली पहिली आवृत्ती स्लर्प, आणि ज्यांना सहा-सहा महिन्यांनी अपग्रेड झेपत नाही त्यांनी मधली आवृत्ती सोडून स्लर्पवरून थेट पुढच्या स्लर्पवर जावं. म्हणजे २०२३.१ वरून सरळ २०२४.१. तसं जाणाऱ्याने २०२३.२ कधी बसवलीच नाही, तर माहिती हलवणारी ती कमांड त्याच्याकडे चाललीच नाही. आणि २०२४.१ मध्ये आम्ही रकानाच काढला.

युरोपातल्या एका विद्यापीठाच्या माणसाने बग नोंदवला. त्याने आधी चाचणीच्या क्लस्टरवर करून बघितलं होतं म्हणून वाचलं. त्याने बगमध्ये रागाचा एक शब्द लिहिला नव्हता, फक्त आधीचे आणि नंतरचे आकडे लावले होते: आधी इतक्या नोंदी, नंतर शून्य. त्या शून्याकडे मी किती वेळ बघत बसले आठवत नाही. मग रकाना परत आणणारा पॅच लिहिला, कमांड परत आणली, आधीच निघालेल्या आवृत्तीच्या स्टेबल शाखेतही ती दुरुस्ती नेली, रिलीज नोट लिहिली. सगळं मिळून नऊ दिवस गेले. त्यातले चार दिवस पॅच नुसता पडून होता, कारण दुसरा प्लस टू द्यायला कुणी जागेवरच नव्हतं.

मधली आवृत्ती सोडून अपग्रेड करून बघणारी टेस्ट ओपनस्टॅकमध्ये तयार आहे. ग्रेनेड नावाच्या चौकटीत ती येते, मोठे प्रकल्प ती चालवतात. आमच्याकडे ती लावलेली नव्हती. का? कुणाचं काम ते ठरलेलं नव्हतं म्हणून. प्रत्येक जण आपापला पॅच नीट करत होता, आणि दोन पॅचच्या मधली जागा कुणाचीच नव्हती. ह्या नऊ दिवसांनंतर पीटीएलच्या कामाकडे मी वेगळं बघायला लागले. त्या मधल्या जागेचं उत्तर ज्याने द्यायचं, तो पीटीएल.

मागच्या दीड वर्षात आमच्या प्रकल्पाची वीण सुटत गेली. तीन कोअर होतो. एकाला त्याच्या कंपनीने सोमवारी सांगितलं, मंगळवारपासून दुसरी टीम. त्याने शुक्रवारपर्यंत रात्री जागून आपले अर्धवट पॅच पूर्ण केले आणि गेला. दुसरा युरोपात आहे, तोच सध्याचा पीटीएल, सलग चार आवृत्त्या. घरी लहान मूल आहे त्याच्या. मागच्या मीटिंगला त्याने सरळ लिहिलं, की पुढच्या वेळी मी उभा राहणार नाही. त्यानंतर चॅनलवर मिनिटभर कुणीच काही टाइप केलं नाही.

कुणीच अर्ज भरला नाही तर काय होतं? प्रकल्प टेक्निकल कमिटीकडे जातो. नऊ जणांची ती कमिटी मग कुणाला तरी नेमते, किंवा एकाऐवजी दोघा-तिघांनी जबाबदाऱ्या वाटून घ्यायच्या का ते बघते, आणि कुणीच हात वर केला नाही तर प्रकल्प निवृत्त करायचा विचार होतो. मुरानो, सेन्लिन, सहारा असे प्रकल्प ह्याच वाटेने गेले. एकेकाळी त्यांच्यासाठीही कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत डेव्हस्टॅक चालवलाच असेल. कोड तसाच असतो, लायसन्स तसंच असतं, फक्त उत्तर देणारं कुणी उरत नाही.

रविवारी अण्णांना फोन केला. माझे वडील एकतीस वर्षं गटसचिव होते. मोहोळ तालुक्यातल्या चार गावांच्या विकास सोसायट्यांचं दप्तर त्यांच्याकडे. रोजकीर्द, खतावणी, प्रोसिडिंग बुक, आणि दर हंगामाला वसुली. क्लाउड म्हणजे काय ते मी त्यांना कधी नीट सांगू शकले नाही, पण निवडणूक म्हटल्यावर आवाज लगेच सावरला.

“जागा किती?”

“एक.”

“आणि अर्ज?”

“अजून एकही नाही. मी भरला तर माझा एकटीचा.”

“म्हणजे बिनविरोध की! मग काळजी कसली करायलीस?”

गावाकडे बिनविरोध ही मानाची गोष्ट. पंचवीस बैठका घेऊन, एकेकाची समजूत काढून निवडणूक बिनविरोध करतात आणि गुलाल उधळतात. मी त्यांना म्हटलं, “अण्णा, इथं बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयारच नाही असा अर्थ होतो. लोक कमी झालेत. कामं साठलीत. घ्यायला कुणी पुढं येत नाही.”

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, “आपल्या चार सोसायट्यांतली एक अशीच होती बघ. चेअरमन व्हायला कुणी तयार न्हवतं. का, तर थकबाकी. जो बसंल त्याच्या डोक्यावर मागच्यांची थकबाकी. शेवटी प्रशासक आला. प्रशासक वाईट माणूस न्हवता, पण त्याला गावातलं कुणी ओळखत न्हवतं. दोन वर्षं सोसायटी नुसती कागदावर.” आणि मग, “तुमच्यात थकबाकी कसली?”

आमच्या क्षेत्रात ज्याला टेक्निकल डेट म्हणतात त्याला मी इतकी वर्षं मराठी शब्द शोधत होते. अण्णांनी तो हातात ठेवला.

सगळ्यात मोठी थकबाकी इव्हेंटलेटची. ती मी अण्णांना पंगतीवरून सांगितली, तशीच इथेही सांगते. पंगतीत एकच वाढपी आहे. तो पहिल्या पानावर भात वाढतो, तो माणूस जेवायला लागला, की पुढच्या पानाकडे जातो. कुणाला काय हवं ते डोळ्यांत तेल घालून बघतो, त्यामुळे एकटा असून पन्नास पानं सांभाळतो. इव्हेंटलेट ही पायथनची लायब्ररी हेच करते. एका थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वाढप्याच्या हातून, शेकडो कामं फिरवते, आणि त्यासाठी पायथनचे स्वतःचे भाग आतून गुपचूप बदलते. ओपनस्टॅकचे बरेच प्रकल्प सुरुवातीपासून तिच्यावर उभे आहेत. पण एखाद्या पानावरच्या आजोबांनी वाढप्याचा हात धरून गप्पा सुरू केल्या, की सगळी पंगत उपाशी. शिवाय पायथन पुढे जात राहिलं, आणि २०२३ च्या अखेरीस इव्हेंटलेटला सांभाळणारंच जवळजवळ कुणी राहिलं नव्हतं. ओपनस्टॅकमधल्याच लोकांनी ती हातात घेतली, नव्या पायथनवर चालेल इतपत आणली, आणि सगळ्या समुदायाचं उद्दिष्ट ठरवलं, की हळूहळू तिच्यातून बाहेर पडायचं. आमच्या प्रकल्पाने त्यावर अजून हात घातलेला नाही. खरे थ्रेड वापरायचे म्हणजे वाढपी जास्त, आणि मग दोन वाढपी एकदम एकाच पातेल्यात हात घालू शकतात. जिथे आजवर कुलूप लागत नव्हतं तिथे ते लावावं लागणार. कुठे लावावं लागेल ते शोधणं, हे खरं काम.

“हे एकटीला जमंल?” अण्णांनी विचारलं.

“एकटीने करायचं नाही, अण्णा. पण कुणीतरी यादी तर करायला हवी.”

अर्जाचा मजकूर मी आधी वहीत मराठीत लिहिला होता. इंग्रजीत थेट लिहायला बसले, की मी ऐकीव वाक्यं लिहिते, सगळे लिहितात तशी. मराठीत तसं लपता येत नाही. तो मजकूर अण्णांना फोनवर वाचून दाखवला. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “‘प्रयत्न करीन’ तीनदा आलंय. ठरावात प्रयत्न करीन असं लिहीत नसतेत. काय करणार आणि कवा करणार, तेवढं लिही. नाही झालं तर पुढच्या सभेत नाही झालं म्हणून लिहायचं. पण तारीख पाहिजे.”

मी तिन्ही ठिकाणी तारखा घातल्या. मधली आवृत्ती सोडून अपग्रेडची ग्रेनेड टेस्ट पहिल्या माइलस्टोनपर्यंत, म्हणजे आवृत्तीच्या वेळापत्रकातल्या पहिल्या टप्प्यापर्यंत, लावणार, आधी नुसती चालणारी, आणि दुसऱ्या माइलस्टोनपासून मत असणारी, म्हणजे ती फसली तर पॅच अडेल. इव्हेंटलेट कुठे कुठे आहे त्याची फाइलवार यादी पीटीजीच्या, म्हणजे सगळ्या प्रकल्पांच्या नियोजनाच्या, बैठकीआधी इथरपॅडवर, म्हणजे सगळ्यांना लिहिता येणाऱ्या ऑनलाइन पानावर, ठेवणार, आणि निदान एक सर्व्हिस ह्याच आवृत्तीत थ्रेडवर आणणार. तिसरी गोष्ट लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला: नव्या माणसाचा पहिला पॅच आला, की सात दिवसांच्या आत त्याला माणसाकडून उत्तर मिळेल. झूलचा निकाल म्हणजे उत्तर नव्हे. आमच्याकडे पहिला पॅच टाकून परत कधीच न आलेल्यांची नावं मी एका रात्री काढली, मागच्या दोन वर्षांतली. चौदा निघाली. चौदांपैकी नऊ जणांच्या पॅचवर कुणीही, मीसुद्धा, एक ओळ लिहिलेली नव्हती. मला बारा ओळी मिळाल्या होत्या.

मॅनेजरशी बोलणं सोमवारी झालं. त्याच्या परवानगीशिवाय उभं राहणं मला योग्य वाटत नव्हतं, कारण अर्जात मी आठवड्याचे दोन दिवस देईन असं लिहिलं होतं आणि ते दिवस त्याच्या हिशोबातले. त्याने विचारलं, आपल्या ग्राहकाला ह्यातून काय मिळणार. प्रश्न रास्त आहे. मी त्याला आमच्या कंपनीच्या स्वतःच्या प्रतीतले पॅच दाखवले. चार वर्षांपूर्वी मूळ प्रकल्पात न गेलेले सतरा पॅच आम्ही घरात सांभाळत होतो, दर अपग्रेडला ते सगळे पुन्हा बसवायचे, पुन्हा तपासायचे. आज दोन आहेत. बाकीचे मी एकेक करून मूळ प्रकल्पात नेले. तो स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, “दीड दिवस नक्की. उरलेल्या अर्ध्याचं तिमाहीनंतर बघू.” अर्जात मी दीड दिवस केला. अण्णा म्हणाले असते, जेवढं खरं तेवढंच लिही.

मीटिंगची वेळही बदलायचं मनात आहे. सध्या ती यूटीसी १४:०० ला असते, आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. पुण्यात माणूस तेव्हा घरी जाताना गाडीवर असतो किंवा पोळ्या लाटत असतो. व्हिएतनाम, कोरिया, जपानच्या लोकांसाठी तर ती रात्री नऊ ते अकराची वेळ. एक आठवडा हीच, एक आठवडा सकाळची, असं आलटून पालटून केलं तर निदान कळेल कोण कोण येऊ शकतं. अर्जात हे घातलं नाही, सगळ्यांना विचारून करायची गोष्ट आहे.

बुधवारी संध्याकाळी अण्णांचा फोन. “छाननी झाली का?”

“एका अधिकाऱ्याचा प्लस टू आलाय. दुसऱ्याचा बाकी आहे.”

“दुसरा अर्ज?”

“नाही.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी चॅनलच्या जुन्या नोंदी वाचत बसले. वर्षभर आमच्या फसणाऱ्या टेस्ट चिकाटीने दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, सोलमध्ये असतो. नुसतं ‘रीचेक’, म्हणजे ‘टेस्ट पुन्हा चालव’, लिहून तो कधी मोकळा होत नाही. टेस्ट का फसली ते शोधतो, दोन ओळी लिहितो, मग रीचेक करतो. मर्ज झालेले त्याचे बदल माझ्यापेक्षा जास्त भरतील ह्या वर्षात. त्याने कधी काही मागितलेलं नाही. मीटिंगमध्येही विचारल्याशिवाय बोलत नाही.

मी त्याला लिहिलं: मी अर्ज भरलाय, तुला माहीत असेल. तूही भरावास असं मला मनापासून वाटतं. दोघांत मतदान होऊ दे. कुणीही निवडून आलं तरी दुसऱ्याने सोबत काम करायचं, इव्हेंटलेटची यादी आधी करायची.

वीस मिनिटांनी उत्तर आलं. त्याने एवढंच विचारलं होतं, की मी कोअर नाही, तरी चालतं का.

चालतं. निदान एक बदल मर्ज झालेला असला, की पुरे. मी त्याला नियमांचं पान, रिपॉझिटरीचं नाव आणि कुठल्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची ते पाठवलं. माझी फाइल नमुना म्हणून बघ, पण तारखा तुझ्या घाल, असंही लिहिलं.

आत्ता गुरुवारचे रात्रीचे दहा वाजून गेलेत. फोल्डरमध्ये अजून माझी एकटीचीच फाइल आहे. मुदत उद्या पहाटे सव्वापाचची. मी पाचचा गजर लावलाय.